स्तनाच्या कर्करोगात उपचारांना लागणारा वेळ आणि जगण्याची शक्यता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाच्या कर्करोगाबद्दल बोलताना 'किती दिवस थांबलं तर चालेल?' हा प्रश्न हमखास येतो. त्याला दोन चुकीची उत्तरं सर्रास मिळतात. एक, 'उद्याच्या उद्या ऑपरेशन करा, नाहीतर हाताबाहेर जाईल.' दुसरं, 'काही होत नाही, सावकाश बघू.' पहिल्या उत्तराने घाबरून बाई अपुऱ्या तपासण्यांवर ऑपरेशनला तयार होते आणि दुसऱ्याने महिनेच्या महिने निघून जातात. निदानानंतरचे दोन-तीन आठवडे नीट वापरले तर बहुतेकींचं त्याने नुकसान होत नाही. गाठ हाताला लागल्यापासून निदानापर्यंत आणि एका उपचारापासून दुसऱ्यापर्यंत नकळत सरणारे महिने मात्र जिवावर बेततात. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख हाच आहे. प्रत्येकीचा आजार वेगळा असल्यामुळे तारखा ठरवताना शेवटचा शब्द तुमच्या कर्करोगतज्ज्ञांचा.

निदान झालंय आणि ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. तेवढ्यात कर्करोग पसरेल का?

बहुतेक वेळा नाही. एक सेंटिमीटरची गाठ म्हणजे सुमारे शंभर कोटी पेशी. एका पेशीपासून तिथवर पोहोचायला पेशींची संख्या सुमारे तीस वेळा दुप्पट व्हावी लागते. स्तनाच्या बहुतेक कर्करोगांत एकदा दुप्पट व्हायला काही महिने लागतात. म्हणजे आज हाताला लागलेली गाठ अनेकदा काही वर्षांपासून आत वाढत आलेली असते. पुढच्या तीन आठवड्यांत स्टेज बदलण्याची शक्यता फार कमी.

याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो लक्षात ठेवाच. स्तन काही आठवड्यांतच लाल, गरम, सुजलेला झाला, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसू लागली, आणि अँटिबायोटिकने फरक पडला नाही, तर तो दाहक प्रकारचा कर्करोग असू शकतो. त्यात हाताला वेगळी गाठ लागेलच असं नाही. हा प्रकार झपाट्याने वाढतो. इथे दिवस मोजायचे असतात, आणि उपचाराची सुरुवात ऑपरेशनने न होता केमोने होते.

मग उशिराचा जगण्यावर परिणाम होतो की नाही? आकडे काय सांगतात?

होतो. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सात प्रकारच्या कर्करोगांवरच्या ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मिळून १२ लाख ७२ हजारांहून अधिक रुग्ण होते. स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशन चार आठवड्यांनी लांबलं की मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. उशीर साठत गेला की धोकाही साठतो: आठ आठवड्यांना सुमारे १७ टक्के, बारा आठवड्यांना सुमारे २६ टक्के.

त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या नोंदवह्यांवरून झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष जवळपास हाच होता. एकीत ६६ वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या ९४ हजारांवर स्त्रिया होत्या, दुसरीत सर्व वयांच्या १ लाख १५ हजारांवर. दोन्हींत निदानापासून ऑपरेशनपर्यंतच्या दर ३० दिवसांमागे मृत्यूचा धोका सुमारे ९ ते १० टक्क्यांनी वाढलेला आढळला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच आणखी एका अभ्यासात ३ लाख ७३ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निदानानंतर आठ आठवडे उलटून गेल्यावर ऑपरेशन झालेल्या गटात जगण्याचं प्रमाण खालावलेलं दिसलं.

धोका ८ टक्क्यांनी वाढतो म्हणजे शंभरातल्या आठ जास्त स्त्रिया दगावतात का?

नाही. या गैरसमजाने माणसं उगाच हादरतात. हे ८ टक्के मूळ धोक्याचे असतात. समजा, एखाद्या गटात दहा वर्षांत १०० पैकी १० मृत्यू अपेक्षित आहेत. धोका ८ टक्क्यांनी वाढला तर ते १० ऐवजी जवळपास १०.८ होतील, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी भर. एका स्त्रीच्या बाबतीत चार आठवड्यांचा हा फरक लहान आहे, आणि तारीख महिन्याने पुढे गेली म्हणून तिने सगळं संपल्यासारखं खचून जाऊ नये.

पण हाच फरक पूर्ण देशाला लावा. २०२०च्या त्याच आढाव्यातल्या अंदाजानुसार, वर्षभरात स्तनाच्या कर्करोगाचं प्रत्येक ऑपरेशन बारा आठवडे लांबलं तर एकट्या ब्रिटनमध्ये सुमारे १४०० आणि अमेरिकेत सुमारे ६१०० मृत्यू जास्तीचे होतील. म्हणून रुग्णालय चालवणाऱ्यांनी 'एका महिन्याने काय होतंय' असं म्हणणं मला मान्य नाही. रुग्णाला धीर द्यायला जे वाक्य योग्य आहे, ते यंत्रणेने स्वतःच्या सबबीसाठी वापरू नये.

वेळ नेमका कुठून मोजायचा?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. लोक ऑपरेशनच्या तारखेकडे डोळे लावून बसतात, पण जास्त वेळ आधीच गेलेला असतो. चार टप्पे डोळ्यांसमोर ठेवा. पहिला, लक्षण दिसल्यापासून डॉक्टरांकडे जाईपर्यंतचा. दुसरा, पहिल्या डॉक्टरांपासून बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा) रिपोर्ट हातात येईपर्यंतचा. तिसरा, रिपोर्टपासून पहिला उपचार सुरू होईपर्यंतचा. चौथा, एका उपचारापासून पुढच्या उपचारापर्यंतचा, आणि हा एकाच रुग्णाच्या वाट्याला दोन-तीनदाही येतो.

पहिल्या दोन टप्प्यांत उशीर दिसत नाही, कारण तोवर कुणी 'कर्करोग' हा शब्द उच्चारलेलाच नसतो. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात ८७ अभ्यास आणि १ लाखाहून अधिक रुग्ण होते. लक्षणं दिसल्यापासून उपचार सुरू व्हायला तीन महिने किंवा जास्त लागलेल्यांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण इतरांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी निघालं. हा १२चा आकडा थेट शंभरातला आहे, वरच्या ८ टक्क्यांसारखा मूळ धोक्याचा हिस्सा नाही. कारणही त्यातच दिसलं: उशिरा आलेल्यांचा आजार पुढच्या स्टेजला गेलेला होता.

स्टेजने किती फरक पडतो? अमेरिकेतल्या नोंदींनुसार, आजार स्तनापुरता असताना निदान झालं तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण, त्याच वयाच्या इतर स्त्रियांशी तुलना करता, ९९ टक्क्यांच्या आसपास असतं. काखेतल्या गाठींपर्यंत गेला असेल तर सुमारे ८७ टक्के. हाडं, फुप्फुसं, यकृत अशा दूरच्या अवयवांत पोहोचला असेल तर जेमतेम एक तृतीयांश.

गाठ दुखत नाही. महिनाभर वाट पाहिली तर चालेल?

न दुखणारी गाठ जास्त गांभीर्याने घ्यायची असते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि 'दुखत नाही म्हणजे साधी असणार' हा समज फार महागात पडतो. पाळीच्या आधी जाणवणाऱ्या गाठी पाळीनंतर बऱ्याचदा विरतात. पाळी होऊन गेल्यावरही जागेवर असेल ती दाखवायलाच हवी. पाळी थांबलेल्या वयात एवढंही थांबू नका. स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणं, त्वचेला खळी पडणं, काखेत गाठ येणं, हीसुद्धा दाखवण्याचीच लक्षणं आहेत.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांबद्दल आवर्जून सांगते. त्यांची गाठ 'दुधाची असेल' म्हणून महिनोन्महिने दुर्लक्षित राहते. सोनोग्राफी गरोदरपणातही सुरक्षित आहे आणि सुईची बायोप्सीही करता येते. निदान झालंच तर चौथ्या महिन्यापासून पुढे ठरावीक केमो देता येते. रेडिएशन मात्र बाळंतपणानंतरच.

डॉक्टरांनी हाताने तपासून 'काही नाही' सांगितलं. तेवढ्यावर थांबू का?

नुसत्या हाताच्या तपासणीवर थांबू नका. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्याच असतात, पण ते तपासणीने ठरलं पाहिजे. तिहेरी तपासणी ही जगभर मानलेली पद्धत आहे: डॉक्टरांनी हाताने तपासणं, मग मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) किंवा सोनोग्राफी, आणि शंका असेल तर सुईने बायोप्सी. मॅमोग्राफी चांगली आली तरी हाताला गाठ लागतच असेल तर विषय संपत नाही, कारण दाट स्तनांत मॅमोग्राफीतून गाठ निसटू शकते. चाळिशीच्या आतल्या मुलींना 'या वयात कुठे होतो' असं सांगून परत पाठवलं जातं. त्यांनी 'माझी सोनोग्राफी का नको?' हे स्पष्ट विचारावं.

बायोप्सी केली की कर्करोग पसरतो म्हणतात. खरं आहे का?

नाही. सुईच्या बायोप्सीमुळे आयुष्य कमी होत नाही. या भीतीने गेलेले महिने मात्र आयुष्य कमी करू शकतात.

उलट, बायोप्सी न करता थेट गाठ काढून टाकली तर बरेचदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं आणि सगळंच लांबतं. बायोप्सीच्या तुकड्यावरूनच हार्मोन रिसेप्टर (कर्करोग हार्मोनवर वाढतो का हे सांगणारे) आणि हर-टू (पेशींची वाढ वेगवान करणारं प्रथिन) यांचा रिपोर्ट मिळतो, आणि आधी ऑपरेशन की आधी केमो हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

तपासण्यांतच दोन-तीन आठवडे गेले. हा वेळ वाया गेला का?

कशासाठी गेला त्यावर आहे. रिसेप्टरचे रिपोर्ट येणं, हर-टू संदिग्ध आल्यावर ते पुन्हा तपासणं, गरज असेल तिथे स्कॅन, केमोआधी हृदयाची इको, साखर आटोक्यात आणणं, हे वेळेचं सोनं करणं आहे. सेकंड ओपिनियनसाठी आठ-दहा दिवस जाणं बहुतेक वेळा सुरक्षित असतं, आणि त्यातून कधीकधी पूर्ण योजना बदलते. पुढे मूल हवं असेल तर स्त्रीबीजं गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात. तो विषय केमो सुरू होण्याआधीच काढायचा असतो. डॉक्टर विसरले तर तुम्ही काढा.

वाया जाणारा वेळ वेगळा दिसतो. रिपोर्ट तयार असतो पण कुणी आणायला गेलेलं नसतं. एका विभागाची चिठ्ठी दुसऱ्या विभागाला मिळालेली नसते. बायोप्सीच्या स्लाइड (काचेवरचे नमुने) दुसरीकडे पाठवायच्या होत्या आणि त्या कपाटातच राहतात. 'फोन येईल' म्हणून घरचे वाट पाहतात आणि तो येत नाही. अशा आठवड्यांचा आजाराला काहीच फायदा नाही, आणि थोड्या पाठपुराव्याने त्यांतले बरेच वाचवता येतात.

सगळ्या प्रकारांत उशिराचा परिणाम सारखाच असतो का?

नाही. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू यांपैकी काहीच नसलेला) आणि हर-टू पॉझिटिव्ह प्रकार साधारणपणे वेगाने वाढतात, तिथे सैलपणा परवडत नाही. हार्मोन पॉझिटिव्ह प्रकार तुलनेने सावकाश वाढतो. दुधाच्या नळ्यांच्या आतच राहिलेल्या, आसपास न शिरलेल्या कर्करोगात आणखी थोडी मोकळीक असते. पण त्यातही ऑपरेशननंतर काहींमध्ये आत शिरलेला कर्करोग सापडतो, त्यामुळे महिनोन्महिने थांबायची परवानगी समजू नये.

२०१६च्या वरच्या अभ्यासात ऑपरेशनच्या उशिराचा परिणाम पहिल्या आणि दुसऱ्या स्टेजमध्ये जास्त स्पष्ट दिसला, तिसऱ्या स्टेजमध्ये तितका नाही. ऐकायला हे उलटं वाटतं. पण ज्यांचा आजार लवकर सापडला आहे त्यांच्याकडे वाचवण्यासारखं सर्वाधिक आहे. 'लवकरच्या स्टेजचा आहे ना, मग घाई काय' हा तर्क म्हणूनच चुकीचा.

ऑपरेशन झालं. केमो किती दिवसांत सुरू व्हायला हवी?

जखम भरली की. साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत सुरू करण्याचा प्रयत्न असतो. कॅलिफोर्नियातल्या २४,८४३ स्त्रियांच्या अभ्यासात, ऑपरेशननंतर ९० दिवस उलटून केमो सुरू झालेल्यांत मृत्यूचा धोका, महिन्याभरात केमो सुरू झालेल्यांच्या तुलनेत, ३४ टक्क्यांनी जास्त आढळला. ट्रिपल निगेटिव्ह असलेल्यांत तो ५३ टक्क्यांनी जास्त होता. हे आकडे वरच्या बारा आठवड्यांच्या २६ टक्क्यांशेजारी ठेवून पाहा. ऑपरेशनच्या तारखेसाठी जीव टाकणारी घरं ऑपरेशन झाल्यावर सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमका तिथेच पुढचा उशीर होतो. जखमेत पू झाला, ड्रेन (जखमेतलं पाणी काढणारी नळी) लवकर निघेना, तर लगेच दाखवा आणि केमो देणाऱ्या डॉक्टरांची भेट ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा.

आम्हाला आधी केमो सांगितली आहे. मग ऑपरेशन पाच-सहा महिन्यांनी होईल. हा उशीर नाही का?

नाही. उपचार केमोच्या पहिल्या दिवशीच सुरू झाला. आधी केमो की नंतर, यावरून एकूण जगण्याच्या प्रमाणात फरक पडत नाही असं दीर्घकालीन चाचण्यांत दिसलं आहे. गाठ लहान होऊन स्तन वाचवता येऊ शकतो आणि औषध लागू पडतंय की नाही हेही कळतं. सांभाळायचं ते दोन ठिकाणी. पहिली केमो वेळेत सुरू व्हावी, आणि शेवटच्या केमोनंतर ऑपरेशन आठ आठवड्यांच्या आत व्हावं. गाठ हाताला लागेनाशी झाली म्हणून काही जणी ऑपरेशनलाच येत नाहीत. असं करू नका; हाताला लागत नाही म्हणजे पेशी उरल्या नाहीत असं नसतं.

रेडिएशनला उशीर झाला तर?

स्तन वाचवून ऑपरेशन केलं असेल तर रेडिएशन हा उपचाराचा अर्धा भाग आहे. त्याने दहा वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आल्याचं मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. केमोची गरज नसलेल्यांत ऑपरेशननंतर आठ आठवड्यांहून अधिक उशीर झाला तर त्याच स्तनात आजार परतण्याचा धोका वाढतो. जगण्यावर मात्र काही आठवड्यांच्या उशिराचा परिणाम स्पष्ट दिसलेला नाही. केमो चालू असेल तर रेडिएशन केमोनंतर देतात. तो ठरवलेला क्रम आहे, उशीर नव्हे.

किती दिवसांच्या आत व्हायला हवं, याचे ठरलेले निकष आहेत का?

आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट असं: पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तातडीच्या शिफारशीपासून २८ दिवसांत निदान, ६२ दिवसांत उपचाराची सुरुवात, आणि उपचाराचा निर्णय झाल्यापासून ३१ दिवसांत सुरुवात असे निकष आहेत. अमेरिकेतल्या कर्करोग आयोगाने, जिथे आधी ऑपरेशन करायचं आहे तिथे निदानापासून ६० दिवसांची मर्यादा घातली आहे. या बाहेरच्या सीमा आहेत. ६० दिवस मिळालेत म्हणून ६० दिवस वापरायचे नसतात.

काही अभ्यास म्हणतात उशिराने फरक पडत नाही. मग खरं काय?

असे अभ्यास आहेत. १९९९ साली यॉर्कशरमधल्या ३६ हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात तर ३० दिवसांच्या आत उपचार झालेल्यांचेच निकाल वाईट निघाले. त्याचं कारण असं की ज्यांचा आजार डोळ्यांना दिसण्याइतका बळावला होता त्यांना डॉक्टरांनी आधी घेतलं. त्यांची अवस्थाच मुळात वाईट होती. उलट बाजूनेही गोंधळ होतो: ज्यांना उशीर होतो त्यांतल्या अनेकींना मधुमेह, हृदयविकार किंवा पैशांची अडचण असते आणि मृत्यू त्यानेही वाढतात. चिठ्ठ्या टाकून काहींना मुद्दाम थांबवून ठेवणारी चाचणी कुणी करू शकत नाही, करूही नये. म्हणून आकडे दिशा दाखवतात, एका स्त्रीचं भविष्य सांगत नाहीत. मोठ्या अभ्यासांची दिशा मात्र बहुतांशी एकच आहे.

ऑपरेशनआधी काही महिने दुसरे उपाय करून पाहिले तर?

कृपया नको. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली होती. स्तनाच्या कर्करोगात मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून अधिक आढळला. या पानावरच्या कुठल्याही उशिराचा आकडा याच्या जवळपासही येत नाही. मन शांत ठेवायला, भूक आणि झोप सुधारायला काही करायचं असेल तर उपचारांच्या सोबतीने करा, आणि डॉक्टरांना सांगून करा.

बहिणीला तारीख फार लांबची मिळाली आहे. आम्ही काय करू शकतो?

आधी कारण विचारा. ऑपरेशन थिएटर रिकामं नाही, रिपोर्ट अपुरा आहे, की भूल देणाऱ्या डॉक्टरांची हरकत आहे? प्रत्येकाचा उपाय वेगळा. कुणाची तारीख रद्द झाली तर बोलवा असं सांगून ठेवा आणि रक्ततपासण्या, छातीचा एक्स-रे, भुलेची तपासणी आत्ताच उरकून घ्या, म्हणजे दोन दिवसांच्या निरोपावरही जाता येईल. त्याच गटातले दुसरे सर्जन किंवा दुसरं केंद्र लवकर करू शकेल का, हे विचारण्यात संकोच नको. हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर मधल्या काळात हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतील का, हे विचारा. कोविडच्या काळात ऑपरेशनं लांबली तेव्हा अनेक ठिकाणी हेच केलं गेलं.

घरातल्या एकाच माणसाने फोन, रिपोर्ट आणि तारखा सांभाळाव्यात. सगळ्या रिपोर्टच्या प्रती आणि बायोप्सीच्या स्लाइड व ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) कुठे आहेत याची नोंद जवळ असू द्या. दवाखान्यातून निघताना पुढची पायरी कोणती, ती कुणी करायची आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे विचारल्याशिवाय उठू नका.

आमचा उशीर आधीच झाला आहे. आता उपयोग आहे का?

आहे. तिसऱ्या स्टेजमध्येही बरं करण्याच्या हेतूनेच उपचार केले जातात, आणि आजार दूरवर गेला असला तरी औषधांनी कित्येक वर्षं चांगली मिळू शकतात. 'आधी का नाही आलात?' हा प्रश्न रुग्णाला विचारू नका, घरच्यांनी तर मुळीच नको. अपराधी वाटणारी बाई पुढची तारीखही टाळते.

हे सगळं पुरुषांनाही लागू आहे का?

हो. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी १ टक्क्याच्या आसपास पुरुषांत होतात. आपल्याला हा आजार होऊ शकतो हेच माहीत नसल्यामुळे त्यांचं निदान बहुधा उशिरा होतं. स्तनाग्रामागे न दुखणारी कडक गाठ लागली तर तपासण्या त्याच, आणि वेळेचं गणितही तेच.